खाटेवरून पाहिलेला नाच

गेल्या महिन्यात आमच्या आळीतल्या एका मास्तरांना मला झाला होता तोच आजार झाला. मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ते छताकडे बघत पडले होते. पाय चादरीखाली कुणी आणून ठेवल्यासारखे. मी शेजारी बसलो, तसं त्यांनी विचारलं, "सदाशिवराव, तुम्ही एवढे दिवस पडून काय केलंत हो?"

मी म्हणालो, "लोकांना चालताना बघत होतो."

त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. मी थट्टा करत नव्हतो. घरी आल्यावर वाटलं, हे नीट लिहून त्यांना वाचायला द्यावं. मी डॉक्टर नाही, तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर ठेकेदाराकडचा फिटर आहे. औषधांतलं मला काही कळत नाही. पण आज मी माझ्या पायांनी कामावर जातो, सायकल चालवतो आणि गणपतीत नाचतो. तेव्हा मास्तर, घाबरू नका आणि पुढचं वाचा.

चाळ

माझं गाव गुहागरकडचं. आमच्याकडे गौरी-गणपतीत पुरुष जाखडी नाचतात. मधे मृदंगवाला आणि गाणारा बसतो, भोवती आम्ही रिंगण करतो. प्रत्येकाच्या उजव्या पायात घुंगरांची चाळ. सगळ्यांचे पाय एकदम पडले पाहिजेत, म्हणजे सगळ्या चाळी मिळून एकच चाळ वाजल्यासारखी वाटते. मी मिसरूड फुटायच्या आधीपासून नाचतोय.

इथे बांधकाम सुरू झाल्यावर रत्नागिरी जिल्ह्यातले बरेच गडी आले. मी चिंचणीत खोली घेतली, वर्षभराने सुलूला, माझ्या बायकोला, गावाहून आणलं. त्या वर्षी आम्ही ठरवलं की इथल्या गणपतीत आपली जाखडी उभी करायची. काम सुटल्यावर मैदानात तालीम चालायची. मृदंगावर माझ्याच गावचा धोंडू होता.

एका संध्याकाळी धोंडूने मधेच हात थांबवला.

"सदा, तुजी चाळ मागं पडतेय."

"पायाला मुंग्या आल्यात रे जरा."

"मुंग्या आल्यात तर झाड पाय. परत घे."

परत घेतलं. मला स्वतःलाच ऐकू आलं. सगळ्यांची चाळ वाजायची आणि तिच्या शेपटाला माझी. चालताना काही जाणवत नव्हतं, सायकल मारताना नाही, जिना चढताना नाही. नाचतानाच कळलं. पाय मी सांगत होतो तिथे जात होता, पण विचार करून जात होता.

दुसऱ्या दिवशी मला कामासाठी बांधलेल्या उंच परांचीवर चढायचं होतं. मी मुकादमाला म्हटलं, आज खालचं काम द्या, माझ्या पायाचा मला भरवसा नाही. तो सगळ्यांदेखत हसला. "नाचताना घुंगरू चुकला म्हणून चढणार नाहीस?" मी हसण्यावारी नेलं, पण चढलो नाही. दुपारी जेवायला बसलो तो उठताच येईना. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं, तर गुडघे घडी घातल्यासारखे मिटले. परांचीवर असतो तर हे लिहायला उरलो नसतो.

निदानाचा दिवस

ठेकेदाराच्या ट्रकमध्ये गादी घालून मला पालघरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत धोंडूने माझं डोकं मांडीवर धरलं होतं. सुलू ट्रकच्या कडेला घट्ट धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या होत्या, बोलायला कमी. त्यांनी लहानशा हातोडीने माझ्या गुडघ्याखाली ठोकलं. पाय उडाला नाही. दुसरा ठोकला. तोही नाही. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसून सांगितलं. त्यांचं ते बसणं मी कधी विसरणार नाही. पुढे मी पाहिलं, की वाईट बातमी बहुतेक माणसं उभ्यानेच देतात.

"पायाच्या नसांना सूज आली आहे. अजून काही दिवस ती वर चढेल. मग थांबेल आणि सावकाश उतरेल. लोक यातून उठतात."

"सगळे?" सुलूने विचारलं.

"बहुतेक."

त्या एका शब्दावर आम्ही पुढचे कित्येक दिवस काढले.

सूज छातीपर्यंत चढली तर श्वासाला धोका होता. म्हणून बाई येता-जाता मला एका दमात आकडे म्हणायला लावायच्या. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आकड्यांऐवजी मृदंगाचे बोल म्हटले तर चालतील?"

"दम एकच लागेल ना? मग म्हणा काही."

मी म्हणू लागलो. आज जिथवर पोचलो तिथवर उद्या पोचत नसे. भर दुपारी वॉर्ड सुस्तावलेला असायचा, तेव्हा मी मनात हिशेब मांडायचो की असंच चाललं तर बोल कुठल्या दिवशी संपतील. सुलू नळावर गेली की रडून घ्यायचो. डोळे पुसायला हात नीट वर जात नव्हता, म्हणून उशीवर तोंड घासायचो. मास्तर, तुम्हालाही रडू येईल. येऊ द्या.

मग एका सकाळी बोल आदल्या दिवसापेक्षा पुढे गेले. थोडेसेच. बाईंनी पुन्हा म्हणायला लावले. पुन्हा तिथवरच गेले.

"थांबलं," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. सुलूने तिथेच त्यांच्या पायांना हात लावला, तर त्या रागावल्या.

दाराजवळची खाट

माझी खाट दाराशी होती. तिथून लांब व्हरांडा दिसायचा. सकाळी अंग पुसणं, कुशीवर वळवणं, चहा, ताप बघणं, दुपारची पेज, परत कुशीवर वळवणं. मधल्या वेळात करायला काही नाही. व्हरांड्यातून माणसं जायची आणि मी त्यांचे पाय बघायचो.

बघता बघता एक गंमत लक्षात आली. कुणी पायरी चढलं की माझ्या मांडीत चढल्यासारखं व्हायचं. मांडी हलत नव्हती, पण आतून कुणी उठल्यासारखं वाटायचं. प्रत्येकाच्या चालीने तसं होत नसे. शेजारच्या खाटेवर दांडी गावचे नारायणकाका होते. होडीवरून घसरून त्यांचा पाय मोडला होता. जाळं कसं ओढतात ते काका मला बसल्या बसल्या दोन्ही हातांनी करून दाखवायचे. मी कौतुकाने बघायचो, पण माझ्या अंगात काही उठायचं नाही. मी कधी जाळं ओढलंच नव्हतं ना! पण कुणी गुडघा मोडून पाऊल टाकलं, गिरकी घेऊन मागे वळलं, की माझं शरीर ते ओळखायचं.

"काय बघतंस रे पोरा एवढा लोकांचे पायांकडं?" नारायणकाकांनी एकदा विचारलंच.

"काका, आता जी बाई येईल ना, तिचा उजवा घोटा दुखतोय."

बाई आली, निघून गेली. काका डोळे बारीक करून बघत राहिले. "मला तर नाय दिसला काय."

वॉर्डात लखमी नावाची वारली आया होती. मला कुशीवर वळवण्याचं काम तिचं. तिच्या चालीने मला बुचकळ्यात टाकलं होतं. दर पावलाला गुडघा मऊ वाकायचा आणि अंग किंचित एका बाजूला झुकायचं, जसं काही शेजारी कुणी चाललंय. दुखणं नव्हतं ते. मी एक दिवस विचारलं, "लखमीबाई, तुम्ही नाचता का?"

ती हातातलं भांडं सांभाळत हसत सुटली. "तुमाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या चालण्यानं."

"तारपा नाचतो आमी. भात कापला की." तिने हात कमरेजवळ नेऊन दाखवला. "एकमेकींच्या कमरेत हात घालून. ल्हानपनापासून. आता एकटी चालली तरी बाजूला कोन हाय असाच वाटतं."

तेव्हापासून आमची मैत्री झाली. मला वळवताना ती म्हणायची, "चला नाचेवाले, फिरा आता."

दादा आणि सुलू

एका दुपारी सुलू पायऱ्या चढून आली ती हात अंगाला चिकटवून. एरवी तिचे हात मोकळे हलायचे. मी म्हटलं, "कुणाशी भांडलीस?"

"कुनाशी नाय."

तेवढ्यात मागून माझा थोरला भाऊ आला. गावाहून दादा आला होता आणि देवाला कौल लावून आला होता. कौल पडला होता की सदाला गावी आणा. गावच्या पारावर एक जाणता झाडपाला द्यायचा, त्याच्याशीही बोलणं झालं होतं.

सुलू म्हणाली, "देवाला मी हितनं हात जोडते. ह्यांना हलवायचा नाय."

"तू कोन ठरवनार? भाव माजा हाय."

"आनि माजे कोन हायत?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. दादाने मला लहानपणी खांद्यावर घेऊन ओढे ओलांडले होते. त्याला नाही म्हणायची मला सवय नव्हती. पण मी म्हटलं, "दादा, मी इथंच राहतो." तो चहा न घेता निघून गेला. जाताना त्याची पाठ बघवेना. दुखणं एकाच्या अंगाला होतं, पण त्याचे ओरखडे घरातल्या सगळ्यांना पडतात.

अंगणातली जाखडी

गौरी आल्या. मी मनाशी म्हटलं, यंदा सण नाही. तर दुपारी अंगणात धोंडूचा आवाज. सगळे गडी धोतर-फेटा बांधून, पायात चाळी घालून पालघरला आले होते. त्याने डॉक्टरीणबाईंची परवानगी आधीच काढली होती. मृदंग हळू वाजवायचा, एवढीच अट. लखमीने आणि कंपाउंडरने माझी खाट दारापर्यंत ओढली.

त्या दिवशी मी जाखडी पहिल्यांदा बाहेरून पाहिली. आत असताना आपण नाच बघत नाही, नुसते असतो. नारायणकाका म्हणाले, "वा! सगळे एकदम उडतात, काय झ्याक!" त्यांना उडणं दिसत होतं. मला उडायच्या आधीचं दिसत होतं. कुणाचा भार कुठल्या टाचेवर गेला, कुणाचा खांदा गिरकीच्या आधी सैल झाला. पाऊल जमिनीवर पडायच्या आधीच ते कुठे पडणार हे मला ठाऊक असायचं.

माझ्या जागी एक नवा गडी घेतला होता. गिरकी जवळ आली आणि मी पाहिलं, हा चुकणार.

"डावा! डावा घे!" मी ओरडलो.

त्याने उचललेला उजवा पाय पटकन खाली टेकवला, डावा टाकला आणि रिंगणात बरोबर बसला. सगळे हसले, तोही. बाईंनी विचारलं, "तो चुकायच्या आधी तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्या कमरेनं सांगितलं."

त्या काही बोलणार, इतक्यात सुलू ओरडली, "अवो! हे हालला!"

तिचा हात माझ्या मांडीवर होता. बाईंनी चादर बाजूला केली. मांडीचा एक स्नायू उडत होता, मृदंगाबरोबर नाही, आपल्याच मनाने, पण उडत होता. "त्यांच्याकडेच बघत राहा," बाई म्हणाल्या. "आणि मनात तुम्हीही पाऊल उचला." मी उचललं. गुडघा केसभर सरकला. धोंडू मृदंग सोडून धावत आला आणि चपलांसकट खाटेवर चढला.

नंतर बाईंनी मला स्पष्ट सांगितलं आणि मीही, मास्तर, तुम्हाला स्पष्ट सांगतो. नाच बघून पाय परत येत नाहीत. "ते येणारच होते," त्या म्हणाल्या. "पण येताहेत हे ओळखायला तुमचं शरीर तयार होतं. त्याचा उपयोग करून घ्या." मग रोज व्हरांड्यातला एक माणूस मी निवडायचो आणि त्याच्याबरोबर मनात चालायचो. पाय हलो न हलो. वेळ इतका छान जायचा की लखमी म्हणायची, "कुठवर जाऊन आले आज?"

उभं राहणं

उभं राहिलो त्या दिवशी काही सुंदर घडलं नाही. एका बाजूला कंपाउंडर, एका बाजूला लखमी. गुडघे थरथरले, पावलं वर उचलेनात आणि फरशीवर चापट मारल्यासारखी पडली. मी बसूनच घेतलं.

"काय झालं?" बाई म्हणाल्या. "उभे राहिलात की!"

"हे काय उभं राहणं! बघवत नाही."

दुसऱ्याचं पाऊल बारकाईने बघणाऱ्याचा हा तोटा. स्वतःची चाल बघितली की लाज वाटायची. सुलूने एक दिवस फटकारलं. "चालताय ना? मग झाला. कोन टाळ्या वाजवाया बसलाय का हितं?"

नारायणकाकांना कुबड्या मिळाल्या. मग आमच्या दोघांच्या व्हरांड्यात शर्यती लागल्या. ते कुबड्यांवर, मी भिंत धरून चापट्या मारत. दोघांपैकी कोण हळू, यावर पैजा. एकदा दोघेही एकमेकांवर पडलो आणि हसू आवरेना म्हणून उठता येईना. बाई बाहेर आल्या, आम्हाला बघितलं आणि तशाच आत गेल्या. आत त्यांचं हसणं ऐकू आलं.

दादा परत आला तेव्हा मी दारात काठी घेऊन उभा होतो. त्याने हातातली नारळांची पिशवी खाली ठेवली. "ऱ्हायलास व्हय रे उभा?" एवढंच म्हणाला आणि फेट्याच्या शेवाने डोळे पुसायला लागला. त्या दिवशी सुलूने त्याला दोनदा चहा पाजला.

लखमीच्या पाड्यावर

दवाखान्यातून मला घरी सोडलं तेव्हा लखमीने बजावलं होतं, "भात कापला की या आमच्याकडं. तुमी मला तुमचा नाच दाखवला, मी माझा दाखवीन."

दिवाळी होऊन गेली होती. मी काठी घेऊन, सुलूचा हात धरून, एस.टी.ने तिच्या पाड्यावर गेलो. परतीची शेवटची गाडी दिवेलागणीला होती. उन्हं कलली तसा एकाने तारपा फुंकायला घेतला. वाळलेल्या भोपळ्याचं हे लांब वाद्य असतं, त्याचा आवाज पोटातून आल्यासारखा येतो. वाजवणारा मधे आणि भोवती बाया-पुरुषांची साखळी, एकमेकांच्या कमरेत हात.

मी मोठ्या ऐटीत बघायला बसलो. चालीवरून माणूस ओळखणारा मी! आणि मला काहीच दिसेना. साखळी फिरत होती, एकाएकी उलटी वळायची, मधेच सगळे खाली वाकायचे. कधी वळणार, कशावरून वळणार, काही अंदाज लागेना. नारायणकाकांना जाखडी दिसली असेल तशी मला ही दिसत होती. छान, पण नुसतीच छान. माझे पाय गप्प होते.

लखमी फिरत फिरत आली आणि ओरडली, "बसले काय? या आत!"

"मला काठीशिवाय चालता येत नाही, लखमीबाई."

"काठी कशाला? आमी हायत ना."

सुलूने माझ्या हातातली काठी काढून घेतली. लखमीने एका बाजूने कमरेत हात घातला, तिच्या नवऱ्याने दुसऱ्या बाजूने, आणि मी साखळीत ओढला गेलो. पहिल्या फेरीत नुसता फरफटलो. पण पडणार कसा? दोन्हीकडून माणसं होती. माझी चापटी पावलं कुणाच्या लक्षातही आली नाहीत, लाल मातीत तिथे सगळ्यांचीच पावलं जोरात पडत होती. मग हळूहळू लखमीच्या कमरेचा झोका माझ्या कमरेत आला. गुडघा मऊ वाकला, त्याला मी सांगितलं नव्हतं. वळण आलं आणि मी वळलो. उशीर न होता.

दमलो तेव्हा मला बाजूला दगडावर बसवलं. मी धापा टाकत समोर बघितलं, तर नाच पार वेगळा दिसू लागला. तारपावाल्याच्या खांद्यात वळण आधी येत होतं. त्याच्याकडून ते पुढच्या बाईच्या गुडघ्यात जायचं आणि मग सगळ्या साखळीत सरकायचं. इतका वेळ हे माझ्या डोळ्यांसमोरच होतं. चार फेऱ्या पायांनी घातल्या तेव्हा डोळ्यांना दिसलं.

हे सुलूला सांगायचं म्हणून बाजूला बघितलं, तर माझी काठी नुसती झोपडीच्या कुडाला टेकून ठेवलेली. सुलू साखळीत होती. आमच्या गावी बायका जाखडी नाचत नाहीत, ओटीवरून बघतात. तिने माझा नाच कितीदा तरी बघितला होता. लखमीच्या आणि एका म्हातारीच्या मधे ती पदर खोचून, ओठ घट्ट मिटून, पावलं मोजत होती. दोन फेऱ्यांनी ओठ सुटले. तिसऱ्या फेरीला ती माझ्यासमोरून जाताना ओरडून म्हणाली, "अवो, तुमी नाचताना कुटं बघत असता ते आज कळला!"

"कुठं?"

"कुटंच नाय!" आणि हसत पुढे गेली.

माझे डोळे भरून आले. रस्त्याच्या बाजूने गाडीचा हॉर्न ऐकू आला. मी काठी घेऊन उभा राहिलो आणि हाक मारली, "सुलू! शेवटची गाडी हाय! चुकेल!"

साखळी वळत होती. तिने मान मागे टाकून माझ्याकडे बघितलं.

"चुकू दे!"